चाकांवरचा फड : आळेफाट्यावरून गेलेल्या एका फिरत्या संसाराचा इतिहास

१/
'मोटारहोम' म्हटले की डोळ्यांसमोर परदेशातली एखादी रंगीत जुनी गाडी उभी राहते. आत पलंग, चूल, कपाटे आणि खिडकीबाहेर डोंगर. पण जुन्नर तालुक्यातील आळे परिसराने चाकांवर संसार करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. त्यांचे वाहन सहलीसाठी नव्हते, पोटासाठी होते. आजचा हा दीर्घ धागा तमाशाच्या फडाच्या मालमोटारींविषयी आहे. त्यांचे लांबचे प्रवास आणि ते प्रवास शक्य करणारी दुरुस्ती यांचा हा इतिहास आहे.

२/
प्रथम नकाशा पाहू. आळे गावालगतच्या आळेफाट्यावर दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक पुणे–नाशिक महामार्ग. दुसरा कल्याणहून माळशेज घाट चढून, ओतूरवरून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणारा. फाट्याच्या दक्षिणेला जवळच नारायणगाव आहे, ज्याला महाराष्ट्र 'तमाशाची पंढरी' म्हणतो. नारायणगावचा फड नाशिक-खानदेशाकडे निघो, कल्याणकडे उतरो वा नगरमार्गे मराठवाड्यात जावो, त्याची वाट बहुधा याच चौकातून फुटते.

३/
हा प्रदेश प्रवासाचा आहे, पण चाकांचा तो फार उशिरा झाला. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटातून कोकणात आणि तेथून कल्याण, सोपारा या बंदरांकडे जाई. नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही दिसतो. मात्र ती अरुंद, पायऱ्यांची, दगडी वाट गाडीची नव्हती. तेथे ओझे चढत-उतरत असे ते माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून.

४/
ओझे वाहणाऱ्या जनावराविषयीची या भूमीची कृतज्ञता पाहायची असेल, तर आळे गावातच यावे. ज्ञानेश्वर महाराजांनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी येथे आहे. पैठणहून नेवाशामार्गे आळंदीकडे परतताना या भावंडांच्या सोबतच्या रेड्याने आळे येथे देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. वाटेत सोबत करणाऱ्या मुक्या जिवाला समाधी मिळाली, त्याची यात्राही भरू लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. धाग्याच्या शेवटी ती उपयोगी पडेल.

५/
देशावरच्या सपाट वाटांवर राज्य होते बैलगाडीचे. गाडी म्हटली की देखभाल आलीच. लाकडी चाकावर बसवायची लोखंडी धाव लोहार आधी जाळात तापवी. तापून फुगलेली धाव चाकावर चढे आणि पाणी ओतताच आकसून लाकडाला घट्ट आवळून बसे. उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव सैल होई, मग पुन्हा लोहाराकडे खेप. आस कोरडा पडू नये म्हणून वंगणाचे नळकांडे गाडीला खाली टांगलेले असे. दुरुस्तीचे साहित्य वाहनासोबतच बाळगायचे, हा धडा पुढच्या मालमोटारीने या गाडीकडूनच घेतला.

६/
आता एक प्रश्न. महाराष्ट्रातील इतर फिरत्या कलांनी प्रवास कसा केला? विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. त्याच वर्षी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. सर्कस आणि संगीत नाटक मंडळ्या या दोघांच्याही लांबच्या दौऱ्यांना रेल्वेचा मोठा आधार मिळाला. सामान डब्यात चढवायचे आणि रूळ असलेल्या शहरी उतरवायचे. तमाशाचा प्रेक्षक मात्र रूळ नसलेल्या गावी राहत होता. जुन्नर तालुक्यात तर आजही रेल्वे नाही. म्हणून तमाशाचे भवितव्य रस्त्याशी आणि रस्त्यावरच्या चाकाशी बांधले गेले.

७/
या रस्त्याला तमाशाच्या थोर नावांचाही इतिहास आहे. शाहीर पठ्ठे बापूराव (मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी) यांच्यासह गाजलेली पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत मानली जाते. ती संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील. आळेफाट्यावरून नाशिककडे निघालात की हे गाव महामार्गावरच लागते. आज बहुतेक प्रवासी ते नाव केवळ टोलनाक्याचे म्हणून ओळखतात. नाणेघाटाच्या रांजणापासून या नाक्यापर्यंत वाटेची जकात टिकली; वाटेवरच्या कलावंतिणीचे नाव मात्र प्रवाशांच्या स्मरणातून गेले.

८/
पवळेच्या काळातले फड पायी आणि बैलगाडीने फिरत. ढोलकी, तुणतुणे, डफ, कडी, कपड्यांचे गाठोडे आणि मोजकी माणसे, एवढाच पसारा. बैलाच्या चालीने एका रात्रीत जेवढे अंतर कापता येईल, तेवढाच फडाचा मुलूख. सलग दोन रात्रींच्या दोन खेळांमधले अंतर बैलांच्या दमावर ठरे. कला किती दूर पोहोचणार हे कलावंताच्या गळ्यावर नव्हे, तर वाहनाच्या पल्ल्यावर ठरत होते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

९/
स्वातंत्र्याच्या आगेमागे चित्र बदलले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे डॉज आणि फार्गो बनावटीच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि 'टाटा-मर्सिडीज' मालमोटारी भारतीय रस्त्यांवर आल्या. पंधरा वर्षांचा तो करार संपल्यावर नाकावरचा तारा गेला, गाडी राहिली. जुन्या, वापरलेल्या मालमोटारी जसजशा बाजारात विकायला येऊ लागल्या, तसतशा त्या फडमालकांच्याही आवाक्यात आल्या.

१०/
याच काळात पश्चिमेकडे चाकांवरचे घर विलासाची वस्तू होत होते. अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० मध्येच 'टूरिंग लँडो' ही मोटार प्रदर्शनात मांडली होती. तिच्यात उलगडणारी शय्या, हात धुण्याचे भांडे आणि चालकाशी बोलण्यासाठी टेलिफोन होता. १९५० पासून जर्मनीत फोक्सवॅगनची पेटीच्या आकाराची गाडी तयार होऊ लागली आणि तिच्यावर बेतलेल्या संसारगाड्यांनी पुढे जगभर भटकंती केली. तेथे घर असलेली माणसे काही दिवस गाडीत राहत. आपल्याकडे फडातली माणसे वर्षाचे सात-आठ महिने गाडीच्या आधाराने राहत आणि पावसाळ्यापुरती घरी जात.

११/
फडाच्या मालमोटारीत काय असे? तंबूच्या फडात लोखंडी खांब, कनाती, रंगमंचाच्या फळ्या, पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा, विजेसाठी जनित्र, कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या लोखंडी पेट्या, स्वयंपाकाची भांडी, सरपण आणि धान्याची पोती. मोठ्या फडात माणसेच शंभराच्या घरात जातात. हौद्यात सामान रचायचाही क्रम असतो. उतरल्यावर जे आधी लागते, ते शेवटी चढवायचे. फाळका पाडला की पहिला हात खांबांवर पडला पाहिजे, पेट्यांवर नव्हे. मुक्कामावर तीच गाडी कधी आडोसा होते, कधी कोठार, तर कधी दोन तासांच्या झोपेची जागा.

१२/
फडाचा दिवस मध्यरात्रीनंतर संपतो आणि तेथेच सुरू होतो. गण, गौळण, बतावणी, लावण्या आणि वग संपेपर्यंत रात्र सरत आलेली असते. मग तंबू उतरवायचा, गाड्या भरायच्या आणि निघायचे. कलावंत गाडीत पेंगत असतात, तेव्हा चालक जागा असतो. पुढच्या गावी पोहोचले की पुन्हा खांब, पुन्हा चूल, थोडी झोप, आणि संध्याकाळी तोंडाला रंग. या चक्रात मोकळा वेळ जवळजवळ नसतो. एखादी गाडी वाटेत चार तास अडकली, तर ते चार तास कोठून आणायचे?

१३/
या संसाराची कठोरता विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या आयुष्यात दिसते. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या या कलावंतिणीच्या नावाने आज राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. ही हकीकत आपण धैर्याची म्हणून ऐकतो. ती घराचीही आहे. जन्म, आजारपण, लेकरांचे रांगणे, सारे फडावरच घडत होते, कारण हंगामात दुसरे घर नव्हतेच.

१४/
आता अर्थकारण. फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत फिरतात. चैत्रातल्या गावोगावच्या यात्रा हा कमाईचा कळस. त्यासाठी नारायणगावात फडमालक राहुट्या टाकतात आणि गावकरी येऊन तमाशाची सुपारी देतात. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते आणि त्यासाठी फडमालक अनेकदा स्वतः कर्ज काढतो. यात्रेची तारीख देवाची असते, ती पुढे ढकलता येत नाही. गाडी वेळेत पोहोचली नाही, तर त्या रात्रीची बिदागी गेलीच. शिवाय पुढच्या वर्षीचे गावही हातचे जाऊ शकते.

१५/
म्हणून दुरुस्ती हे फडाचे दुय्यम काम नव्हते. पावसाळ्यात कलावंत घरी गेले की गाड्यांचा हंगाम सुरू होई. इंजिन उघडून लाइनर-पिस्टन पाहणे, क्लचप्लेट बदलणे, ब्रेकचे लायनर नव्याने ठोकणे, पाटे उतरवून तडे गेलेले पान बदलणे, रेडिएटर उकळून साफ करणे, हौद्याच्या कुजलेल्या फळ्या काढणे, ताडपत्रीला ठिगळे लावणे. तालमी सुरू होण्याआधी ही कामे उरकावी लागत. गावोगावी नवा वग कोणता याची चर्चा होई. मालकाला मात्र त्याआधी टायर किती चालतील याचा हिशेब करावा लागे.

१६/
या मुलखातली खरी परीक्षा घाटांची. पुण्याकडून येताना खेड घाट, संगमनेरकडे चंदनापुरी घाट आणि कोकणात उतरताना माळशेज. भरलेली गाडी उतारावर केवळ ब्रेकवर धरली, तर ब्रेकचे ड्रम तापतात, लायनर जळू लागतात आणि पकड सुटते. म्हणून जुने चालक शिकवीत की ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. मग गाडीला रोखण्याचे बरेचसे काम इंजिनच करते आणि ब्रेक अडीअडचणीसाठी थंड राहतो. चढावर उलट धोका. पाणी उकळते. तेव्हा तापलेल्या रेडिएटरचे झाकण न उघडता थांबण्याचा धीर हवा.

१७/
दुसरा नेहमीचा शत्रू म्हणजे हवा. डिझेल संपत आले किंवा नळी सैल झाली की इंधनाच्या वाटेत हवा शिरते आणि इंजिन मुकाट बंद पडते. जुन्या यंत्रात उपाय साधा होता. फिल्टरजवळचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून अखंड डिझेल आले की स्क्रू आवळायचा. एक पाना आणि एक जाणता हात पुरे. या मालमोटारींची मोठी सोय अशी की त्यांचा कारखाना फार दूर नव्हता. रस्त्याच्या दक्षिण टोकाला पिंपरीत टेल्को, उत्तर टोकाला नाशिकच्या सातपुरात डिझेल इंजिनाचे नोझल बनवणारी मायको, आणि या दोहोंच्या मध्ये आळेफाटा.

१८/
शिकवणूक कशी होई? शाळेत नव्हे. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. काच पुसणे, टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखणे, उतारावर चाकामागे दगड लावणे, स्टेपनी चढवणे, आणि कित्येक वर्षांनी कधीतरी रिकाम्या रस्त्यावर स्टीअरिंग. ढोलकीवाल्याचा पोर जसा ढोलकीजवळ बसून बोल उचली, तसाच हा पोर इंजिनाजवळ बसून त्याचा आवाज उचली. फडात दोन गुरुपरंपरा शेजारीशेजारी नांदत होत्या. आपण अभ्यास केला तो एकीचाच.

१९/
तमाशा या बाबतीत एकटा नव्हता. तंबू टॉकीजवाल्यांचेही जीवन असेच होते. जुनी मालमोटार, तिच्यातच बसवलेले प्रक्षेपण यंत्र, यात्रेच्या मैदानावर तंबू आणि गावोगाव सिनेमा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. गंजलेली गाडी, अडणारे यंत्र आणि ते चालते ठेवणारा दुरुस्तीकार हेच त्याचे खरे नायक आहेत. तंबू टॉकीजचे निदान चित्रण तरी झाले. तमाशाच्या गाड्यांच्या वाट्याला तेवढेही लक्ष क्वचितच आले.

२०/
मग आला २०२०चा चैत्र. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. ज्या दिवसांत राहुट्यांसमोर गावकऱ्यांची गर्दी व्हायची, त्याच दिवसांत रस्ते ओस पडले. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत. उभ्या गाडीचे काही बिघडत नाही असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बॅटरी उतरून निकामी होते, टायरला एकाच जागी भार पडून चिरा जातात, टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी आणि गाळ साचतो, ब्रेक गंजून धरून बसतात. कलावंतांची उपासमार बातम्यांत आली. गाड्यांची झीज आली नाही. पण पुन्हा उभे राहताना फडमालकाला दोन्ही खर्च भरावे लागले.

२१/
आता प्रश्न अधिक खोल आहे. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मालमोटारीत माणसे नेण्यावर कायद्याची बंधने आहेत, आणि ती योग्यच आहेत. अपघातात जीव गेले तर कलेचे कौतुक कोणाच्या कामाचे? १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना बीएस-६ निकष लागू झाले. धूर घटला, हवा सुधारते, हेही खरे. परंतु नव्या गाडीचे इंधन संगणक नियंत्रित करतो. ती रानात अडली, तर पाना आणि हातपंप पुरत नाहीत; दोष वाचणारे यंत्र असलेली कार्यशाळा लागते. जुनी गाडी कायद्यात बसत नाही आणि नवी गाडी खिशात बसत नाही, या कात्रीत छोटा फड सापडला आहे.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी येथे एक गंभीर गोष्ट आहे. वगाच्या संहिता, लावण्यांच्या वह्या, पुरस्कारांची छायाचित्रे थोडीफार जपली गेली. पण फड कोणत्या वाटेने गेला, कोठे मुक्काम केला, टायरला किती पैसे गेले, हे सांगणारी साधने होती चालकाची डायरी, पंपाच्या पावत्या, गॅरेजची उधारीची वही आणि खुद्द ती गाडी. गाडी भंगारात जाते आणि वही रद्दीत. त्यांच्याबरोबर तमाशाचा भूगोल पुसला जातो. कोणत्या गावी तमाशा पोहोचला आणि कोणत्या गावी कधीच नाही, याचे उत्तर देणारे मग कोणी उरत नाही.

२३/
म्हणून आता रेड्याच्या समाधीकडे वळू. या भूमीने वाटेवरच्या मुक्या सोबत्याला विसरू दिले नाही. त्याचे नाव संतांच्या नावासोबत घेतले गेले. फडाच्या मालमोटारींसाठी समाधी नको, संग्रहालय झाले तर उत्तम. तोवर एक काम आपल्यापैकी कोणीही करू शकतो. पुढच्या चैत्रात गावच्या यात्रेत तमाशा आला, तर खेळ जरूर पाहा, तिकीट काढून पाहा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चालकाची झोप झाली असेल, तर परवानगी घेऊन त्याच्याशी बोला.

२४/
विचारा : गाडी कोणत्या सालची? तिच्यावर शिकवले कोणी? सर्वांत अवघड घाट कोणता? पूर्वीचा मार्ग आणि आताचा मार्ग यांत काय बदलले? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा, नाव छापण्यापूर्वी विचारा, जुनी वही दिसली तर छायाचित्र घ्या. राजांच्या इतिहासाला ताम्रपट आहेत, बखरी आहेत. चाकांवर जगलेल्या माणसांच्या इतिहासाला ग्रीस लागलेली एक वही आहे. ती रद्दीत जाण्याआधी वाचायला हवी.

धागा समाप्त. आपल्या भागात अशा गाड्यांच्या आठवणी असतील, तर गाव आणि काळ नमूद करून खाली अवश्य लिहा.